बाईला आम्ही बसवून ठेवलं

सुनीलचा फोन आला तेव्हा मी रविवारच्या पुरवणीचं आरोग्याचं पान तपासत होतो. "मामा, माय गेली," एवढंच तो म्हणाला. त्याची माय म्हणजे माझी थोरली बहीण तुळसा. आम्ही भावंडं तिला बाई म्हणत असू. मांडीचं हाड मोडल्याला त्या दिवशी सात आठवडे झाले होते. मृत्यूच्या कागदावर फुप्फुसाचा संसर्ग हे कारण आहे. ते खरं आहे, पण अपुरं आहे.

बाईचं आयुष्य इंझोरी या खेड्यात गेलं. दुसऱ्यांच्या वावरात तिनं निंदण केलं, कापूस वेचला. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तिळाची चटणी, मिळालं तर ताक, हे तिचं जेवण. बसणं जमिनीवर, आणि उठताना हाताचा टेकू नाही. सुनील वाशीमकडच्या मालेगावात शिक्षक झाला, त्यानं घर बांधलं आणि तिला घेऊन आला. तिनं आता काही करायचं नाही, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आमच्यासारख्या घरात आईला बसवून खाऊ घालणं याहून मोठा मान नाही. सुनेनं हातातला झाडू घेतला. भाकर गरिबीची म्हणून गेली, पोळी आणि चहा-टोस्ट आले. शेजारी काय म्हणतील म्हणून अंगणात उन्हात धान्य निवडणंही थांबलं. बाई दिवाणावर बसली... पाच वर्षं बसली.

एकदा मी गेलो तेव्हा तिनं मला धारेवर धरलं.

"तू पेपरात लोकायले चाला म्हणून सांगतं, अन् मले बस म्हणतं काय रे?"

"बाई, लय चालली तू. आता आराम कर."

"अरे, म्हैस बी दिवसातून एकदा सोडतात चरायले. मले तं खुट्यालेच बांधून ठेवलं तुमी!"

आम्ही सगळे हसलो.

मग न्हाणीत फरशीवर पाय घसरला. पडणं साधंच होतं. वाशीमच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि हाडं किती विरळ झाली आहेत ते दाखवलं. वयानं होतंच, ते म्हणाले, पण बसून राहिल्यानं, उन्हात न गेल्यानं, नुसत्या चहा-टोस्टवर जगल्यानं लवकर होतं. ताकीद एकच दिली. रोज आधार देऊन उभं करायचं, दुखलं तरी चालवायचं. पडून राहिल्या तर छाती भरेल.

घरी पहिल्यांदा उभं केलं तेव्हा ती किंचाळली. सुनीलनं लगेच तिला निजवलं. "मामा, जलमभर चालली माय. आता तं पडू द्या तिले." डॉक्टर बोलले तेव्हा मी समोर होतो. तोच मजकूर मी वर्षानुवर्षं छापत आलो आहे. मी गप्प राहिलो... पुढचे काही दिवस तीच म्हणे, "मले उभी करा रे," आणि आम्ही म्हणत असू, "उद्या." तिसऱ्या आठवड्यात तिनं म्हणणं सोडलं. तिला पटलं, असं आम्हाला वाटलं. नंतर पाठीला जखमा झाल्या, मग खोकला लागला.

बाई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला इंझोरीहून माणसं आली. "शेवटी सुख पाह्यलं बाईनं. लेकानं बसवून खाऊ घातलं," असं बहुतेकांनी म्हटलं. सुनील मान हलवत राहिला.

गेल्या आठवड्यात तिची खोली रिकामी केली. खिडकीचा जाड पडदा काढला, भिंतीवर तिरपं ऊन पडलं आणि कमरेच्या उंचीवर बोटांचे तेलकट ठसे दिसले. शस्त्रक्रियेनंतर सून रोज सकाळी तिच्या हातापायांना तेल लावून अंगणवाडीत कामाला जाई. दुपारपर्यंत घरात कुणी नसे. ठसे दिवाणाच्या उशापासून सुरू होतात आणि दाराकडे जातात. आधी दाट, एकावर एक, पुढे एकेक. शेवटचा ठसा दारापासून दोन हातांवर आहे.

भिंत रंगवायला आलेल्या माणसाला सुनीलनं परत पाठवलं.