निशाणी शिडी

हिंदी मुलखातल्या आमच्या रामघाटाच्या गल्ल्या बांधल्या गेल्या तेव्हा बास्केटबॉल नावाचा खेळ जन्मालाच आला नव्हता. त्यामुळे तिथल्या कुठल्याही दारातून मी कपाळ न आपटता आत गेल्याचं मला आठवत नाही. बाहेर मात्र याच उंचीवर रेल्वेनं मला नोकरी दिली. तिच्या टीमकडून मी गावोगाव खेळलो, आणि नव्वदच्या दशकात एके दिवशी गुडघ्यानं उडी मारायला साफ नकार दिला. साहेबांनी मला पार्सल ऑफिसात बसवलं. माझे पाय टेबलाखाली मावत नाहीत, एवढीच काय ती माझी तिथे दखल.

गल्लीत मात्र मान होता. दिव्याचा बल्ब गेला की नगर निगमचा माणूस शिडी घेऊन येतो म्हणे. मी त्याला कधी पाहिलं नाही. मी चौथऱ्यावर चढून हात वर केला की उजेड! शेजारच्या काकू म्हणायच्या, "देवमाणूस आहेस रे." कोपऱ्यावरचा पानवाला म्हणायचा, "गुरु, आप तो मोहल्ले के खंभा हैं." माणूस एकाच वेळी देव आणि खांब झाला की त्याला निवडणूक सुचणारच.

सभासद व्हायचं, म्हणजे मराठीत नगरसेवक. पण सरकारी नोकरीत राहून उभं राहता येत नाही. मी राजीनामा लिहिला.

"अहो, गुडघा गेलाय की डोकं?" बायकोनं विचारलं.

"सगळी गल्ली ओळखते मला."

"गल्ली बल्बला ओळखते."

अपक्ष म्हणून मी निशाणी चेंडू मागितली, मिळाली शिडी. पोस्टर बघून पानवाल्याला ठसका लागला. "गुरु, आपको सीढ़ी काहे?"

प्रचाराच्या शेवटच्या सभेत मी छाती फुगवून गर्जना केली, "मला निवडून द्या, म्हणजे मला बल्ब बदलावे लागणार नाहीत! निगमचा माणूस येईल, शिडी घेऊन!" सभा चिडीचूप. भारावली, असं मी समजलो.

निवडून आला एक साडीचा व्यापारी. पानाच्या विड्याहून जड काही उचलताना त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं.

निकालानंतर काकूंनी मला ओट्यावरच गाठलं. "तुला मुद्दामच नाही दिलं हो मत. तू मोठा झालास तर दिवा कोण लावणार? तो शिडीवाला? त्याची वाट बघता बघता आमचे हे गेले." मग पदराआडून नवा बल्ब काढला. "आलाच आहेस तर एवढं..."

नोकरी गेली, निवडणूक गेली. बल्ब लावला.

दुसऱ्या दिवशी नव्या सभासदानं घरी बोलावलं. "देखिए, हमारे मन में कोई मैल नहीं. अब साथ काम कीजिए. मोहल्ले की बत्ती आप देखेंगे. और नौकरी?"

"छोड़ दी."

"बहुत अच्छा! तो दिन भर खाली हैं." आणि त्यानं आतल्या अंधाऱ्या दालनाकडे बोट दाखवलं. "शुरुआत घर से."

व्यापाऱ्याचं घर नवं होतं, दार चांगलं उंच. मी तरी वाकूनच आत गेलो.