वाघाच्या पोटात माणूस होता

तुमच्या चौकातल्या लोखंडी वाघाचं पोट बंद झालं तेव्हा आत कोण होतं, हे तुम्ही कधी विचारलंय?

आमच्या चंद्रपूरच्या शेडमध्ये आत भाऊ असतात, आमचे जुने वेल्डर. मी आधी कागदावर चित्र काढते, मग जमिनीवर खडूने खऱ्या मापाचा वाघ. त्या रेषेवर पाइप वाकवून आम्ही सांगाडा उभा करतो, त्यावर पत्रा चढवतो. शेवटी पाठीचे सांधे आतून पक्के करायचे असतात. तेव्हा भाऊ जबड्यातून सरपटत आत जातात आणि तिथूनच बाहेर येतात.

आरमोरीकडच्या एका चौकासाठी बसलेला वाघ करायचा होता. मी चित्रात त्याच्या कुशीला दार दिलं होतं. ठेकेदाराने ते खोडलं.

"वाघाले दरवाजा काऊन? घर हाय का थे?"

मी भांडले. लहानपणापासून मोर्च्यांत पत्रकं वाटत वाढले आहे, गप्प बसायची सवय नाही. पण शेवटचा शब्द त्याचा होता. दार गेलं.

शेडची एक रीत आहे. बूट घालून आत शिरताना भाऊ आपली चप्पल जबड्यासमोर ठेवतात. चप्पल दिसली की वाघाच्या तोंडाला कोणी हात लावायचा नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी भाऊ आत असताना ठेकेदार फोटो काढायला आला. फोटोत चप्पल येते म्हणून त्याने ती पायानेच बाजूला सरकवली. मग दुसऱ्या वेल्डरला म्हणाला, "हे दात हाय का तांदळाचे दाणे? मोठे सुळे लाव. उद्या क्रेन येऊन राह्यली."

मी शेपटीकडे पट्टे आखत होते. दुसऱ्या वेल्डरने समोर पाहिलं, चप्पल नव्हती. भाऊ चहाला गेले असं समजून त्याने सुळे जोडले. जनरेटरच्या घरघरीत आतलं काही ऐकू येत नाही.

मला ते हाताला कळलं. पत्रा थरथरत होता. आतून कोणीतरी हातोडी मारत होतं.

मी जबड्याकडे धावले. भाऊंचं डोकं वाघाच्या घशाशी आलं होतं, पुढे सुळ्यांचे गज. मागे धूर कोंडलेला, वरून तापलेला पत्रा.

"पोरी, दम नाई पुरून राह्यला."

मी ग्राइंडर उचलला. ठेकेदाराने त्याची वायर धरली. "मॅडम, तोंड नका खराब करू! खालचा पत्रा काढा, थो कोनाले दिसत नाई."

"त्यासाठी वाघ उलटा करावा लागेल. भाऊ आत असताना?"

दुसरा वेल्डर धावत आला. त्याने वायर हिसकावली. "सोडा सायेब, नाई तर तुमालेच आत कोंबतो."

भाऊंनी ओला दुपट्टा तोंडावर ओढला. ठिणग्या त्यावर पडत होत्या, चर्र चर्र विझत होत्या. पहिला सुळा पडला. दुसऱ्याला चकती अडकली, माझा हात झटका खाऊन मागे आला.

"तुया वाघाचे दात लय कडक हाय वं," आतून खोकत आवाज आला.

"बोलू नका, भाऊ!"

तिसरा पडल्यावर खांदे निघाले. आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्यांना ओढलं. ते जमिनीवर पडले, पाणी प्याले, ओकले. मग उठून बसत म्हणाले, "माई चप्पल कोनं हलवली?"

ठेकेदार फोनमध्ये बघत राहिला.

सुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा लागले. पण त्याआधी मी वाघाच्या कुशीला दार कापलं, कोणालाही न विचारता. क्रेन तेवढा वेळ उन्हात उभी होती.

तुमच्या गावात असं शिल्प ठरत असेल तर त्या बैठकीला जा. चित्र मागून घ्या, समोर पसरा आणि सगळ्यांदेखत विचारा, आतला माणूस कुठून बाहेर येणार? दार दाखवता आलं नाही तर हात वर करून नाही म्हणा.