लांब सूर

"मशीन बिघडलंय म्हणून सांगतोय न्हवं? मग तपासा की!"

वसंत सरांनी दोन्ही कानांतली श्रवणयंत्रं काढून माझ्या टेबलावर आदळली. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कान तपासून मशीन बसवणारी बाई. दिवसभर मोठ्यानं बोलायची सवयच आहे मला. पण पेशंट माझ्यावर ओरडायला लागला की डोकं फिरतं. मशीनं मुकाट्यानं उचलून परत त्यांच्या कानांत घातली.

"सर, माझं बोलणं ऐकू येतंय?"

"येतंय की."

"रस्त्यावरचे हॉर्न?"

"त्ये बी. क्वायरमधल्या बायका तेवढ्या न्हाईत."

सर रिटायर्ड शिक्षक, चर्चच्या क्वायरचे, म्हणजे गायकवृंदाचे मास्तर. मशीनं मुलानं पुण्याहून बसवून दिलेली. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या उपासनेसाठी ते एक तीनशे वर्षांपूर्वीची जर्मन रचना बसवत होते, मराठी शब्द स्वतः घालून. ती कशी असते ते त्यांनी मला टेबल वाजवून समजावलं. मुळात एक साधं, जुनं प्रार्थनागीत. खाली तीन आवाज पळत राहतात आणि वर बायका त्या गीताचा एकेक सूर लांबच लांब धरतात. तो वरचा सूर गेला तर गीतच गेलं.

"सूर सुरू हुतोय आन् इझतोय. शालनला सगळ्यांसमोर झापली मी. गायचं नसंल तर घरात बस म्हटलं."

शालन उचगावची. शाळेपासून सरांकडे शिकलेली, वरच्या बायकांत तिचाच आवाज मुख्य. ती खरंच घरात बसली होती.

सरांच्या मोबाईलवर तिच्या शेवटच्या सरावाचं रेकॉर्डिंग होतं. मी त्यांच्या कानातलं एक मशीन काढून त्याला तपासणीची नळी जोडली आणि ती स्वतःच्या कानात घातली. खालचे आवाज खणखणीत. वरचा सूर उठला, थरथरला, गायब. नळी काढून नुसताच ऐकला, तर तो शेवटपर्यंत होता. अरे देवा!

श्रवणयंत्र कधीकधी स्वतःच शिट्टी मारतं. ती दाबायला आत एक सेटिंग असतं. त्या बिचाऱ्याला एवढंच कळतं की लांब, एकसारखा, बारीक आवाज म्हणजे शिट्टी. बोलण्यात असा आवाज नसतोच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सरांना सांगितलं, शालनचा सूर मशीनला शिट्टी वाटला.

"म्हंजे पोरगी गात हुती?"

"गात होती, सर."

मी ते सेटिंग बंद करून गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम घातला. काम किरकोळ होतं. सर तिथून तडक उचगावला गेले.

संध्याकाळी फोन आला. "माफी मागितली. चा दिला तिनं. पर म्हणाली, सर, आता तोंड उघडायचंच भ्या वाटतंय."

शुक्रवारी मी मुद्दाम गेले. वरचा सूर दोघींनी कसाबसा धरला. सर हात हलवत होते, पण नजर सारखी दाराकडे. मला फार वाईट वाटलं. बाहेर आल्यावर सवयीनं विचारलं, "आता ऐकू येतंय ना सगळं?"

"सगळं येतंय, मॅडम. शालन न्हाय, त्ये बी ऐकू आलं."

तेव्हापासून मी पेशंटला "ऐकू येतंय का?" एवढ्यावर सोडत नाही. काय ऐकायचंय, ते आधी विचारते. सेटिंग मागं घेता येतं. बोललेलं नाही.