एकतीस नंबरची हजेरी

गेल्या सोमवारी सकाळी हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते आणि लेकीच्या शाळेचा मेसेज आला... 'आपली पाल्य आज गैरहजर आहे.' अहो, गैरहजर कशी असेल? तासाभरापूर्वी धायरीत शाळेच्या गेटवर मी स्वतः तिला सोडून आले होते.

शाळेत फोन केला तर ऑफिसातल्या बाईंनी "मेसेज आलाय म्हणजे नसेल आली" एवढं ज्ञान देऊन फोन ठेवला. मी वाकडला उतरले, एका रिक्षावाल्याच्या हातापाया पडले आणि त्या ट्रॅफिकमधून उलटी फिरले. रस्ताभर नको नको ते मनात येत होतं...

शाळेत पोचले, तर बाईसाहेब नववी 'ब'च्या तिसऱ्या बाकावर बसून भूमितीची आकृती काढत होत्या. मला आधी रडू आलं आणि मग असा राग आला की विचारू नका.

माझी जुई बोलताना अडखळते, लहानपणापासून. घरी माझ्याशी भांडताना अजिबात नाही, पण चारचौघांत शब्द घशात अडकतो. हजेरीला रोज 'प्रेझेंट मॅडम' म्हणायचं, आणि नेमकी 'प्र'वरच तिची गाडी बंद पडते. मॅडम मान खाली घालून कॅटलॉगमध्ये खुणा करत जातात... एकतीस म्हटलं, आवाज आला नाही, बत्तीस. संपला विषय.

पण मग इतके दिवस हिची हजेरी लागत कशी होती? विचारलं तर ही पुन्हा आकृतीत डोकं घालून बसली. घरी आल्यावर दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि कागदावर लिहून दिलं, की मी आता शाळेत जाणार नाही, दहावीचा फॉर्म बाहेरून भरा. माझ्याशी बोलायचं सोडून लिहून... मी हबकलेच.

मंगळवार-बुधवार ती घरीच. समजावून झालं, ओरडून झालं, तिच्या बाबांनी श्रीखंड आणून पाहिलं. काही उपयोग नाही.

बुधवारी संध्याकाळी दारात तिच्या वर्गातल्या चार मुली. पुढे प्राची, वर्गाची मॉनिटर. धायरी गावातलं शेतकऱ्याचं घर तिचं, आणि आवाज असा की चार बिल्डिंग पलीकडे जाईल. त्या दिवशी मात्र चपला काढतानाच तोंड उतरलेलं होतं.

"काकू, चूक माझी हाय," म्हणाली. "रोज तिचं प्रेझेंट मीच म्हणते. सोमवारी मी मामाच्या लग्नाला गेलते."

म्हणजे झालं होतं ते असं. जूनमध्येच प्राचीने परस्पर ठरवून टाकलं, की बिचारीला त्रास नको. एकतीस आलं की मागच्या बाकावरून प्राचीचा आवाज. मॅडमना सोडून अख्ख्या वर्गाला माहीत! सोमवारी पहिल्यांदाच प्राची नव्हती, आणि माझी मुलगी वर्गात बसून गैरहजर झाली.

मला खरं तर प्राचीला पोटाशी धरावंसं वाटलं. इतकं कोण करतं हो हल्ली? तेवढ्यात जुई आतल्या खोलीतून बाहेर आली, चेहरा लालबुंद. बोलायला तिला बराच वेळ लागला... मी तोंड उघडणार, तर हातानेच मला थांबवलं.

"मला माझं म्हणायचं होतं. तू म... म्हणायचीस ना, तेव्हा मी तिथे नाहीच असं वाटायचं."

बोलली ती प्राचीला. लागलं मात्र मला. कारण हॉटेलातली ऑर्डर, डॉक्टरांना काय होतंय ते, पाहुण्यांनी विचारलेलं नाव... सगळीकडे वर्षानुवर्षं हिच्या वतीने मीच बोलत आलेय. माझ्यापेक्षा प्राची परवडली, ती फक्त हजेरीपुरतीच होती.

प्राची रडली आणि मग तिनेच विचारलं, आता काय करू ते सांग. पोह्यांच्या बशा घेऊन पाचही जणी आत बसल्या.

गुरुवारी अख्खा वर्ग मॅडमकडे गेला. मागणी एवढीच, की नंबर घेतल्यावर मान वर करून बघा. ज्याला बोलायचंय तो बोलेल, ज्याला हात वर करायचाय तो करेल, वेळ लागला तर सगळे थांबतील, आणि कुणी कुणाचं म्हणायचं नाही. मॅडमनी आधी खोट्या हजेरीबद्दल सगळ्यांना झापलं, ते बरोबरच होतं. मग म्हणाल्या, अठ्ठावन्न मुलं, पहिलाच तास गणिताचा, थांबत बसायला वेळ कुठाय? पोरं म्हणाली, आम्ही प्रार्थनेनंतर गप्पा न मारता सरळ वर्गात येतो. नववीच्या मुलांकडून ही ऑफर आल्यावर मॅडम काय बोलणार!

शुक्रवारी जुई गेली शाळेत. मी रजेचा अर्ज द्यायच्या निमित्ताने गॅलरीत घुटमळत राहिले. हजेरी सुरू झाली. कुणी ओरडून प्रेझेंट, कुणी हात वर, एकाने शिट्टी वाजवून पाहिली आणि यथास्थित बोलणी खाल्ली.

"एकतीस."

मॅडमचं पेन कॅटलॉगवर थांबलेलं, नजर जुईकडे. प्राचीने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरलेला. इतकी पोरं, पण चुळबूळ नाही... इकडे मी कठडा घट्ट धरून उभी. शब्द माझ्याच ओठांवर आला होता, कसाबसा गिळला.

"प्... प्... प्रेझेंट मॅडम."

"बत्तीस," मॅडम म्हणाल्या.

मी खाली पार्किंगमध्ये येऊन स्कूटरवर बसले आणि मनसोक्त रडून घेतलं. किती दिवसांनी इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू...

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पोरांनो, त्याबद्दल तुमचे फार फार आभार.