सावित्रम्माच्या घरची कडू भाकरी

सोलापुरात कडक भाकरी आता कुठल्याही दुकानात पाकिटात मिळते. मिळेना का! ज्यानं एकदा शिवबाईच्या शेडमधली खाल्ली, तो त्या पाकिटाकडे ढुंकूनही बघत नाही. जुन्या गिरणीच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडखाली तीन चुली आणि तीन बायका. मधे शिवबाई, उजवीकडे काशम्मा, डावीकडे सावित्रम्मा. पहाटे थापण्याचा आवाज सुरू झाला की गल्ली कूस बदलायची. काशम्माचा हात संथ, सावित्रम्माचा घाईचा. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना अंथरुणातूनच कळायचं, आज कोण आलंय आणि कोण माहेरी गेलंय.

ज्वारी मंगळवेढ्याचीच पाहिजे, हा शिवबाईचा हट्ट. भांडण मराठीत आणि थट्टा कन्नडमध्ये, हा शेडचा रिवाज. भाकरी तव्यावर भाजायची, मग चुलीच्या कडेला उभी करून आरावर वाळवायची, आणि ती वाळेपर्यंत जगातल्या सगळ्या सुनांची उणीदुणी काढायची. शिवबाईला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर तिनं हे काम सुरू केलं, आणि या दोघी तिला अक्का म्हणू लागल्या त्या कायमच्याच.

काशम्माचा गुरु आणि सावित्रम्माचा प्रभु या शेडमध्येच रांगले. जिचा हात मोकळा असेल तिनं भरवायचं, जिचा चिडलेला असेल तिनं धपाटा घालायचा; कुणाचं पोर कुठलं हे कोण बघतंय? एकदा दोघांनी कडक भाकरी उभी धरून काठीनं गल्लीभर चाकासारखी पळवली होती. शिवबाई उलथनं घेऊन मागे धावली आणि भाकरी गटारात पडल्यावर तिथंच पोट धरून हसत बसली. तो दिवस तिला अजून आठवतो. आठवला की आता हसू येत नाही, एवढाच फरक.

गेल्या गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीपुढं कुणी नाचायचं यावरून पोरांची जुंपली. कारण एवढंच. प्रभुच्या खिशात चाकू होता. पंचविशीच्या पोराच्या खिशात चाकू कशाला लागतो, हे शिवबाईला आजही कुणी सांगू शकलेलं नाही. गुलालानं लाल झालेल्या रस्त्यावर गुरु पडला, आणि बराच वेळ कुणाला कळलंच नाही की सगळा लाल गुलाल नाही. रात्रीतच प्रभुला पोलिसांनी उचललं.

त्यानंतर गल्ली गल्ली राहिली नाही. दिवेलागणीच्या आत दारं लागू लागली. कट्ट्यावरची माणसं नाहीशी झाली. बाहेरचे लोक मात्र मोबाईल धरून यायचे, गुरु पडला ती जागा दाखव म्हणायचे. एकाला शिवबाईनं पीठ भरलेल्या हातानंच हाकलून लावलं. पण शेडमध्ये आता ती एकटीच थापत होती, आणि एका हाताच्या थापेनं गल्ली काही जागी होत नव्हती.

काशम्माच्या घरी कडू भाकरी चालू होती. ज्या घरची माती झाली त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी आणि पिठलं टोपलीत घालून, वर पांढरं फडकं टाकून नेतात. शिवबाईही रोज न्यायची. दुःखाच्या घरी ती मऊ भाकरीच द्यायची. कडक भाकरी मोडताना आवाज होतो, तो अशा घरात बरा नाही, असं तिचं आपलं मत.

सावित्रम्माच्या घराकडे मात्र कुणी फिरकत नव्हतं. ती विधवा बाई, घरात दुसरं माणूस नाही. पलीकडच्या घरातली शिवलीला एकदा हळूच म्हणाली, "अक्का, ती भिंतीकडं तोंड करून पडलीया. पाणी तेवढं पिती. असं किती दिस निघतील?"

गल्लीचं म्हणणं होतं, पडू दे. शिवबाईचंही मन आधी तेच म्हणालं. ज्याला मांडीवर खेळवलं त्या गुरुला मारणाऱ्याची ती आई होती. पण सावित्रम्मालाही तिनं पोरगी मानलं होतं, त्याचं काय करायचं? डोळ्यांदेखत तिलाही जाऊ द्यायचं? रात्रभर तिला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, ती टोपली घेऊन सावित्रम्माच्या दारात गेली.

सावित्रम्मा उठून बसली. टोपलीकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा असा झाला की शिवबाईला आपली चूक एकदम कळली. रोजच्या सवयीनं तिनं वर पांढरं फडकं टाकलं होतं. आत मऊ भाकरी होती.

"अक्का," सावित्रम्मा म्हणाली, "माजा प्रभु जित्ता हाय की गं. त्याच्या नावानं कडू भाकरी आनलीस व्हय?"

"चुकलं गं माजं. हाताला सवय लागलीया."

"न्हाय, बराबर हाय. मेलाच की त्यो. पर घिऊन जा. मला गिळवत न्हाय."

शिवबाई भरली टोपली घेऊन परत आली. दारांच्या फटींतून गल्लीनं पाहिलं, आणि जे व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी काशम्मा शेडच्या तोंडाशी उभी राहिली. गुरु गेल्यापासून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती.

"तिच्या घरी कडू भाकरी?" तिचा आवाज फाटला होता. "मेलं कोन, अक्का? तिचं का माजं?"

शिवबाईच्या तव्यावरची भाकरी करपत होती. "ती मरंल गं काशम्मा," ती म्हणाली. "काल एक घास बी खाल्ला न्हाय तिनं. तुजं दुक मोठं हाय. मला कळतंय. पर ती बी मरंल."

काशम्मानं पुढं येऊन चुलीशेजारची नुकतीच वाळलेली कडक भाकरी उचलली आणि चालू लागली. शिवबाई घाबरून मागे धावली. आता ही काय करते, कुणास ठाऊक.

काशम्मानं सावित्रम्माचं दार ढकललं आणि भाकरी तिच्या पुढ्यात आपटली.

"ऊठ. खा."

सावित्रम्मा तिच्याकडे बघायलाही धजेना.

"खा म्हनते न्हवं! मी माफ करायला न्हाय आले. जलमात करनार न्हाय. पर तूबी मेलीस तर मी शिव्या कुनाला दिऊ गं? कुनाकडं बगून रडू?"

सावित्रम्मानं भाकरी मोडली. तो आवाज त्या घरात केवढा तरी मोठा वाटला. ती खात राहिली आणि काशम्मा समोर बसून शेवटच्या घासापर्यंत तिला शिव्या देत राहिली. शिवबाई मधे बसून कधी हिला, कधी तिला पाणी देत होती.