मी आईला खोटं पाडलं

डॉक्टरनं मला हात लावला नाही. खुर्चीतूनच विचारलं, "कितवीत आहेस?"

चौथीत, मी सांगितलं.

"परीक्षा कधी?"

पुढच्या आठवड्यात.

तो बाकावरच्या लोकांकडे बघून हसला. लोकही हसले. आम्ही बाकावर नव्हतो. आमच्या वस्तीनं धर्म बदलून काही वर्षं झाली होती, नवं राज्यही आलं होतं, पण खामगावच्या त्या दवाखान्यात आमची जागा पायरीपाशीच होती. आई पायरीखाली उभी. धुतलेलं लुगडं नेसून आलेली.

माझं डोकं पावसाळ्यापासून दुखत होतं. डाव्या डोळ्यामागून सुरू व्हायचं. उजेड सहन व्हायचा नाही, मग उलटी. आईनं सुंठ उगाळून लावली, ओल्या फडक्यानं डोकं करकचून बांधलं, भगताकडून अंगारा आणला. काहीच लागू पडेना, तेव्हा मजुरीचा दिवस मोडून ती मला एस.टी.नं इथं घेऊन आली.

"साहेब, माही पोर खोटं नाई बोलत," आई म्हणाली.

डॉक्टरनं कपाटातून सुई काढली. जाड, लांब. मला दाखवली. खरंच दुखत असेल तर ही डोक्यात टोचावी लागेल, म्हणाला. मग हळूच, लाडानं म्हटल्यासारखं, "खरं सांग. दुखतं, की शाळा नको?"

त्या वेळीही दुखत होतं. डोळ्यामागं ठणकत होतं.

"नाई दुखत," मी म्हणाले.

सगळा दवाखाना हसला. डॉक्टर आईला म्हणाला, "बघ, पोरगी कबूल झाली. तूच माझा वेळ खाल्लास. माफी माग आणि जा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळख पटत नसल्यासारखं. मग वाकली आणि पायरीला डोकं टेकवलं. मी तिच्या शेजारी उभी होते. खरं बोलायला एवढा वेळ पुरेसा होता. मी बोलले नाही.

परतताना एस.टी.त तिनं मला मारलं नाही की विचारलं नाही. घरी आल्यावर शेजारणीला सांगितलं, पोरीले काही झालं नाई. एवढंच.

त्यानंतर तीन वर्षं मी दुखणं लपवलं. दुखलं म्हणावं तर तेव्हा खोटं का बोललीस, हा प्रश्न होताच. कापूस वेचताना कळ आली की कुंपणाआड जाऊन ओकायची, तोंड पुसून पुन्हा ओळीत उभी राहायची. आईला वाटायचं मी कामचुकार झाले. तसं ती बोलूनही दाखवायची. मी ऐकून घ्यायची. मला ते बरंच वाटायचं. निदान शिक्षा तरी होत होती.

एका दुपारी तिनं मला विहिरीजवळ पाहिलं. मी दगडावर डोकं आपटत होते. तिनं मला धरलं, मांडीवर घेतलं आणि विचारलं, कधीपासून. मी म्हणाले, थांबलंच नव्हतं.

ती बराच वेळ माझं कपाळ दाबत राहिली. मग म्हणाली, "मंग त्या रोजी मले काऊन खोटं पाडलं वं?"

मी तिच्या मांडीत तोंड लपवलं. सुईचं भय वाटलं, हे खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. त्या हसणाऱ्या लोकांत मला आईची लाज वाटली होती. तिच्या पायरीखाली उभं राहण्याची, तिच्या 'माही'ची. दवाखान्यातल्या शहाण्यांच्या बाजूला जाता येतं का, ते मी बघितलं होतं.

सातवी झाल्यावर मी मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी बुलडाण्याला गेले. तिथं एकदा वर्गातच पडले. आईला निरोप गेला, ती आली. मला दवाखान्यापर्यंत घेऊन गेली, पण आत यायला तयार होईना. बाहेर लिंबाखाली बसली.

हा डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. माझं बोलणं ऐकून ओठ दाबून हसला. मान वर न करता म्हणाला, "या वयात होतं असं. लग्न झालं की थांबेल."

मी उठले नाही.

"हात लावून पाहा. मग सांगा."

मागं रांग आहे, तो म्हणाला. मी म्हणाले, मी पण रांगेतूनच आले. मी खुर्ची सोडली नाही. शेवटी त्यानं डोळ्यांत बॅटरी मारली, मान वळवली, कपाळ दाबलं, गुडघ्यावर ठोकून पाहिलं. कारण सापडत नाही, म्हणाला. तसं लिहा, मी म्हणाले. आणि दुखतं, हेही लिहा. त्यानं लिहिलं.

मी कागद घेऊन धावत लिंबाखाली गेले. आईला वाचून दाखवला. मला वाटलं, ती रडेल, माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. तिनं पदर झटकला.

"त्यानं लिवलं," ती म्हणाली. "त्या रोजी तुनं सांगतलं नाई."

मी माफी मागितली. ती एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठली.

आता मी शाळेत शिकवते. डोकं दुखतंच. चार डॉक्टर झाले, कुणी चष्मा दिला, कुणी पित्त म्हणालं. दुखण्याला अजून नाव नाही. आईनं मला माफ केलं का, हे मी पुन्हा विचारलेलं नाही. विचारायचा हक्क माझ्याकडे नाही.

पुढच्या महिन्यात अकोल्याला मोठ्या डॉक्टरकडे जायचं आहे. आई नको म्हणते. मी तिला नेणार. तिला खुर्चीवर बसवणार, मी उभी राहणार. त्या पहिल्या पावसाळ्यापासून सगळं तीच सांगेल, तिच्या बोलीत, तिला लागेल तेवढा वेळ. डॉक्टरनं तिला थांबवून मला विचारलं, तर माझं बोलणं एवढंच असेल: माझी आई सांगते ते खरं आहे. तपासा.