जग बुडायला तीस दिवस आणि हा पाव घेतोय

गेल्या रविवारी दुपारी माझं डोकं फिरलं... आणि तेही एका जपानी सिरीयलपायी.

शिळफाट्याला आमच्या घरात आम्ही तिघी. मी, माझी सून वैशाली आणि नात तन्वी. लेक चार वर्षांपूर्वी काविळीने गेला. मी मोड आलेले वाल सोलत बसले होते. तन्वीने समोर डब्याला टेकवून मोबाईल लावला, म्हणाली, "आजी, लव्ह स्टोरी हाय, हिंदीत बोलतात, तुला कळंल."

कळलं की! आभाळातून भलामोठा दगड येतोय, पृथ्वीचा चुरा होणार, तीस दिवस उरलेत. एक पोरगा सायकली दुरुस्त करतो, समोर एका पोरीची बेकरी. त्याचं तिच्यावर मन, तिचं त्याच्यावर... अख्ख्या गल्लीला माहीत. आणि हा बाबा काय करतो? रोज जातो, एक पाव घेतो, कमरेत वाकतो आणि परत येतो!

वीस दिवस उरले, पाव. पंधरा उरले, पाव. बारा उरले तेव्हा ती पोरगी स्वतः दाराबाहेर आली. मला वाटलं, आता ही तरी बोलेल... तर म्हणते, आज थंडी जास्त आहे. मी हातातले वाल परातीत आपटले. अगं, जग बुडतंय आणि थंडी कसली सांगतेस? लोक गाव सोडून पळतायत आणि यांना लाज वाटते. कुणाची? लाजायला माणसं तरी उरणारेत का?

तन्वी हसून लोळत होती. मला हसू येत नव्हतं, कारण माझ्या घरात हाच तमाशा वर्षभर चालू आहे.

वैशाली कुंभिवलीला एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिथल्या स्टाफ बसचा ड्रायव्हर सुनील, आमच्याच बुद्धविहारात येणारा. दारू नाही, तंबाखू नाही, घरी एक आई. बाकीच्या बायकांना नाक्यावर उतरवतो आणि हिच्यासाठी बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणतो. ही दिसेनाशी होईस्तोवर गाडी हलवत नाही. ही घरात आली की बस वळल्याचा आवाज येईस्तोवर दारातच उभी. मी काय आंधळी आहे?

आता सुनीलचं इथलं काम संपलंय, महिनाअखेरीला तो गुजरातला चाललाय. मी वाट बघत होते, आज येईल आईला घेऊन मागणी घालायला, उद्या येईल... पुरुषाकडच्यांनीच यायचं ना? कुणी आलं नाही.

वैशाली मोरीत कपडे धूत होती. मी बसल्या जागेवरून ओरडले, "तुझा तो ड्रायव्हर पण जपानचाच हाय का गं? तोंड शिवलंय का त्याचं?"

ती बाहेर आली, हाताला साबण तसाच. शांतपणे म्हणाली, "तो कसा येईल, आई? तुमीच चार मान्सांत बोललात ना."

"मी? मी काय बोलले?"

"यांच्या पुण्यानुमोदनाला. ही या घरातून कुठं जानार नाय, मी जिती हाय तोवर नाय... सगळ्या वस्तीनं ऐकलं."

बोलले होते. पण कुणाला? माझ्या दिराला! लेकाच्या दिवसकार्याचा तो दिवस, फोटोवरचा हार अजून ताजा होता आणि तो म्हणत होता, सुनेला माहेरी पाठवा, खोली मोकळी होईल. तेव्हा भर विहारात उभी राहून मी गरजले होते. हिला हाकलायचं नाही म्हणजे हिने लग्न करायचं नाही, असं मी कधी म्हटलं? पण वस्तीने तसं धरलं. सुनीलच्या आईने तसं धरलं. आणि या बाईनेही चार वर्षं तसंच धरलं... एकदा मला विचारलं नाही!

एवढा संताप आला की काय सांगू. आधी दिराचा, मग वस्तीचा, मग हिचा. साडी बदलेपर्यंत सगळा माझ्यावरच येऊन बसला. वर्षभर मीसुद्धा नुसती बघतच होते की... मी तरी कुठं विचारलं?

संध्याकाळी विहारात वंदनेला गेले. सगळ्यांसमोर बोललेलं घरात बसून मागे घेतलं तर कोण मानणार? वंदना संपली, लोक उठायला लागले, तशी मी म्हटलं, "बसा जरा. चार वर्षांमागं मी हितंच बोलले, वैशाली कुठं जानार नाय. ते माझ्या दिराला होतं. तो पुढं बसलाय, विचारा त्याला. हिला कुनी हाकलायचं नाय, पन हिला जायचं असंल तर दार उघडं हाय. सुनील, ऐकलंस ना रं? आईला घेऊन ये, नायतर जा गुजरातला एकटा."

सुनील मागच्या रांगेत मान खाली घालून चटईच्या काड्या उपटत होता. उठली ती त्याची आई. म्हणाली, "वर्षभर तुमच्या तोंडाकडं बघतोय आमी, ताई. मी वंदनेवरनं गेले की ह्यो रोज इचारायचा मला, म्हातारी आज बरी बोलली का गं?"

सगळे हसले. मी नाही हसले.

सोमवारी मायलेक घरी आले, बोलणी झाली. विहारातच साधं लग्न, तन्वीची परीक्षा झाली की ती आणि वैशाली गुजरातला. मलाही चल म्हणतात. मी नाही जाणार, मला माझी खोली बरी.

पाहुणे गेल्यावर वैशालीला चांगली झापली. मी रागाच्या भरात बोललेल्या एका वाक्यावर चार वर्षं घालवलीस? ती कपबशा विसळत म्हणाली, "तुमी तेव्हा उभ्या राहिला नसतात तर मी आज कुठं असते?"

माझ्या लेकाने जन्मात माझं एक ऐकलं नाही. हिने मी न सांगितलेलंही पाळलं. अशी बाई आता दुसऱ्याच्या घरी देतेय, म्हणून सुनीलसाठी इथे सगळ्यांसमोर लिहिते... तिला काय हवं-नको ते रोज विचारत जा. ती आपणहून सांगायची नाही.